आवडलं ते सांगू, की चारचौघींत शोभेल ते?

पत्राचा सारांश: ठाण्याच्या पलीकडे राहणाऱ्या आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. त्यांच्या सोसायटीत महिन्यातून एकदा बायकांचा वाचनकट्टा भरतो. दर वेळी एकीनं दहा मिनिटं बोलायचं आणि अलीकडे वाचलेलं-पाहिलेलं काय आवडलं ते सांगायचं. पुढच्या महिन्यात यांची पाळी. आधीच्या मैत्रिणींनी ‘कोसला’ ही कादंबरी, ‘कोर्ट’ हा चित्रपट अशी नावं घेतली. यांना गेल्या काही महिन्यांत मनापासून आवडलं ते वेगळंच: सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ ही कादंबरी (लोकलमध्ये वाचताना कळवा मागे पडलं, मुंब्र्याला उतरून परत फिरावं लागलं), टीव्हीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा दुसरा भाग (तोही दुसऱ्यांदा) आणि ‘गुल्लक’ ही हिंदी वेबमालिका. ‘कोर्ट’ त्यांनी फोनवर, भाजी निवडता निवडता, अर्धा तास पाहून बंद केला. ‘कोसला’ चाळीस पानांवर मिटली. यजमान म्हणतात, टाइमपास तर आहे, काहीही सांग. त्यांचा प्रश्न: खरं सांगू की शोभेल ते सांगू? माझी आवड हलकी आहे का? आणि असली तर ती सुधारता येते का?

ताई, नमस्कार.

आधी त्या मुंब्र्याच्या फेरीबद्दल बोलू. संध्याकाळच्या गर्दीत कळव्याला उतरायचं तर ठाणं यायच्या आधीच पर्स पुढे घेऊन दाराकडे सरकावं लागतं. रोजच्या बाईच्या अंगात हे इतकं भिनलेलं असतं की डुलकी लागली तरी पाय आपोआप निघतात. तरी तुमचं स्टेशन चुकलं. म्हणजे त्या पानांनी तुम्हाला चांगलंच धरून ठेवलं होतं. आणि त्याच वाक्याच्या शेवटी तुम्ही लिहिता, ‘तसं माझं वाचन फालतूच.’ या वाक्याचे दोन तुकडे मला काही केल्या जुळवता येईनात. स्टेशन गेलं तेव्हा ‘दुनियादारी’चा नायक श्रेयस काय करत होता, त्याच्या कट्ट्यावर कोण कोण होतं, वाचताना तुम्हाला तुमचं कॉलेज आठवलं की हुकलेलं कॉलेज, यातलं पत्रात काहीच नाही. पाऊण पत्र माफी मागण्यात गेलंय. माफी कोणाची मागताय तेही नीट कळत नाही.

दुसरी गोष्ट मला खटकली ती अशी, की मैत्रिणींनी कोणती नावं घेतली ते तुम्ही लिहिलंत, पण त्या नावांबद्दल त्या काय बोलल्या त्याचा एक शब्दही नाही. एक तर त्या नावापलीकडे फारसं बोलल्या नसाव्यात. नाहीतर त्या बोलत असताना तुम्ही मनातल्या मनात आपली यादी त्यांच्या यादीशेजारी ठेवून मार्क देत बसला असाल. त्यांनी खोटं सांगितलं असं मी मुळीच म्हणत नाही. ‘कोसला’ आवडणारी माणसं पुष्कळ आहेत, मी त्यातलीच एक. पण आवडलं कुठे, हसू कुठे आलं, कंटाळा कुठे आला, हे कोणी विचारलंच नाही तर कट्ट्यावर उरते फक्त नावांची ये-जा.

‘कोसला’चंच घ्या. ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा तिचे लेखक भालचंद्र नेमाडे जेमतेम पंचविशीचे होते. गोष्ट काय, तर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात आलेला पांडुरंग नावाचा एक मुलगा, त्याचं होस्टेल, त्याचे मित्र. मेसचा सेक्रेटरी होतो आणि पैशांचा घोळ करून बसतो. अतिशय विनोदी पुस्तक आहे हो! एवढं मोठं नाव झालं की लोक पुस्तक सोवळ्यात वाचायला घेतात आणि मग हसायचं राहूनच जातं. आता ‘दुनियादारी’ आठवा. तीही पुण्याच्या कॉलेजातल्या मुलाची, मित्रांच्या टोळक्याची, चहाच्या टेबलावरच्या तासन्‌तास गप्पांची. म्हणजे जे पुस्तक चाळीस पानांवर मिटलंत आणि ज्याच्यापायी स्टेशन चुकलंत, त्या दोघांचा मालमसाला बराचसा एकच आहे. फरक सांगण्यात आहे. शिरवळकरांना वाटतं की तुम्ही त्या टोळक्याच्या प्रेमात पडावं. त्यासाठी ते संवाद टाकतात, डीएसपीसारखा जिवाला जीव देणारा दोस्त उभा करतात, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तुम्हाला पुढच्यात ढकलतात. नेमाड्यांच्या पांडुरंगाला तुमचं प्रेम नकोच आहे. तो स्वतःवरही धड प्रेम करत नाही, आणि गोष्ट पुढे सरकावी म्हणून तर बोटही हलवत नाही. दिवसभराच्या कामानंतर, उभ्यानं, एका हातात कडी धरून वाचताना पहिल्या प्रकारचं पुस्तक जवळचं वाटणं अगदी साहजिक आहे. त्यातून तुमच्या बुद्धीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. लोकलबद्दल मात्र होतं.

हलकं-भारी हा शिक्का पुस्तकावर कायमचा मारलेला असतो, हेही तुम्ही गृहीत धरलंय. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली एक साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ‘करमणूक’. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच हप्त्याहप्त्यानं आली. तिची नायिका यमू, तिचं पुढे काय झालं म्हणून लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे. आज आपण ज्या वेळेला टीव्ही लावून मालिकेसमोर बसतो, त्यापेक्षा हे फार वेगळं होतं असं मला वाटत नाही. आता तीच कादंबरी अभ्यासक्रमात नेमतात आणि मुलं ती भारी म्हणून टाळतात.

पण याचा अर्थ आजची प्रत्येक मालिका उद्या अभिजात ठरेल, असा काढू नका. ‘करमणूक’च्या काळात छापलं गेलेलं बहुतेक सगळं आज कोणाला नावानंही माहीत नाही, आणि त्यातलं बरंचसं त्याच लायकीचं होतं. लोकप्रिय म्हणजे वाईट हे जितकं खोटं, तितकंच लोकांना आवडलं म्हणजे चांगलं असणारच हेही खोटं. मला स्वतःला कित्येक मालिकांचं पाणी घालून घालून वाढवणं सहन होत नाही. एकच थप्पड तीन दिशांनी तीनदा दाखवतात आणि मध्ये ढगांचा गडगडाट. मी उठून कुकर लावायला जाते. तुमच्या आवडीचं कौतुक करून तुम्हाला खूश करावं असा माझा इरादा नाही. मला एवढंच वाटतं, की तुम्ही तुमच्या आवडीकडे अजून नीट बघितलेलंच नाही. न बघताच तिला हलकी ठरवलंत.

आता प्रत्यक्ष पाळीचं बोलू. शोभेल ते सांगायचं ठरवलंत तर पहिला धोका सरळ आहे. ‘कोर्ट’ अर्ध्या तासानंतर तुम्हाला माहीत नाही, आणि शेवटाबद्दल हमखास कोणीतरी विचारणार. वेळ मारून नेलीत तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच करावं लागेल, आणि ज्या बाईनं घरी मालिका पाहिल्यात ती तिसरी मैत्रीणही तुमच्याकडे बघून ‘कोर्ट’च आवडल्याचं सांगेल. कट्ट्यावर निम्म्याजणी तुमच्यासारख्याच धास्तावून बसल्या असतील असा माझा अंदाज आहे.

याच्या बरोबर उलटा मार्गही लोक घेतात. ‘मला बाई असलंच आवडतं, ज्यांना हसायचंय त्यांनी हसा’ असं ठसक्यात सांगायचं. हशा मिळतो, टाळीही मिळते, पण तुम्ही तेवढ्याच लपलेल्या राहता. कारण असं बोलणाऱ्या बाईला ‘का आवडतं’ हे कोणी विचारायला धजत नाही. पाळी बदलून घेणं हा तिसरा मार्ग, आणि घरी पाहुणे किंवा दुखणंखुपणं असेल तर जरूर बदला. नाहीतर नुसता महिनाभर घोर वाढतो.

मी तुमच्या जागी असते तर तिन्ही गोष्टींची यादी सांगितली नसती, एकच निवडली असती. आणि निवडली असती ती ‘रात्रीस खेळ चाले’. तुम्ही दचकाल, कारण यादीत तीच तुम्हाला सगळ्यात लपवावीशी वाटतेय. पण बोलण्यासारखं सगळ्यात जास्त तिच्यातच आहे.

बघा ना. पहिला भाग २०१६ साली आला तेव्हा सुरुवातीलाच घरातले कर्ते अण्णा नाईक जातात आणि मागे राहिलेल्या वाड्याची, भावंडांची, जमिनीची गोष्ट सुरू होते. दुसरा भाग २०१९ साली आला तो मागे गेला, अण्णा हयात असतानाच्या काळात. म्हणजे या माणसाचा शेवट होणार हे प्रत्येक बघणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तरी लोक रोज रात्री साडेदहाला बसत होते. तुम्ही तर दोनदा बसलात. शेवट माहीत असताना माणूस काय बघतो, हा प्रश्न दहा मिनिटांना पुरून उरेल.

त्यात भाषा. रोजच्या मालिकेत इतकं मालवणी, तेही विनोदाला तोंडी लावण्यापुरतं नाही, तर भांडायला, धमकवायला, शोक करायला. मालिकेवर सुरुवातीला सिंधुदुर्गातूनच आक्षेपही आले होते. अंधश्रद्धेला खतपाणी घालते आणि कोकणाचं चित्र वाकडं दाखवते असं म्हणणं होतं. ते आक्षेप तुम्ही स्वतःच आधी मांडा, मैत्रिणींनी काढायची वाट बघू नका. त्यातलं तुम्हाला काय पटतं, काय नाही, ते सांगा. एखादी गोष्ट आवडली म्हणजे तिची वकिली अंगावर घेतलीच पाहिजे असं कुठे आहे? ‘दुनियादारी’तल्या मुली बऱ्याचशा कट्ट्यावरच्या पोरांच्या नजरेतूनच दिसतात, हे पंचेचाळिसाव्या वर्षी वाचताना तुम्हाला जाणवलं असणार. स्टेशन तरीही चुकलं. दोन्ही खरं आहे.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे अण्णा. लोभी, बाहेरख्याली, घरच्यांना धाकात ठेवणारा, जिवावर उठणारा हा माणूस. प्रत्यक्षात असा शेजारी आपण दाराशी उभा केला नसता. मग अण्णांचं काम करणारे माधव अभ्यंकर पडद्यावर आले की आपण सरसावून का बसतो? त्यांच्या त्या थंड नजरेमुळे? की घरातल्या ज्या पुरुषाला कधी कोणी काही बोलू शकलं नाही, त्याला शेवटी शिक्षा मिळताना बघायची म्हणून? बहुतेक जणी अण्णांच्या प्रेयसीबद्दल, शेवंताबद्दलच बोलतात, तिच्या साड्या, तिचा तोरा. तुम्ही अण्णांच्या बायकोबद्दल, माईंबद्दल बोला असं मी सुचवेन. सगळं माहीत असून चुलीपुढे बसणारी, दिवा लावणारी, मुलांना जेवायला वाढणारी ती बाई. तिचा एक प्रसंग निवडा, जो तुम्हाला दुसऱ्यांदा पाहताना वेगळा दिसला. तो अगदी बारकाईनं सांगा: ती कुठे उभी होती, हातात काय होतं, काय बोलली आणि काय गिळलं. तो सांगून झाल्यावर कट्ट्यावर कोणी तुमची आवड हलकी म्हणालं तर मला आश्चर्य वाटेल. म्हणालंच तर त्या बाईला विचारा की तिला माई कशा दिसल्या. तिनं मालिका पाहिलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. घरी घड्याळ लावून एकदा मोठ्यानं बोलून बघा. कथानक सांगण्यातच सात मिनिटं जातात असा सर्वांचा अनुभव असतो. कथानक एका मिनिटात उरका, उरलेला वेळ त्या प्रसंगाला द्या. भाषण लिहून काढू नका. फार तर चार शब्द कागदावर.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आवड सुधारते का. सुधारते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण पसरते नक्की. आणि ती पसरते आपल्या आवडीच्या एखाद्या धाग्याला धरून. ‘हे आपण बघायला हवं’ असा धाक घालून पसरत नाही. तुमच्याच पत्रात असा एक धागा पडलाय. ‘गुल्लक’मधली आई, शांती मिश्रा, तुम्हाला ‘आपल्या घरातलीच’ वाटते असं तुम्ही लिहिलंय. नवऱ्याच्या वीज खात्यातल्या पगारात घर ओढणारी, दोन मुलांवर खेकसणारी, शेजारणीला पुरून उरणारी. ते काम करणाऱ्या गीतांजली कुलकर्णी ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील आहेत.

‘कोर्ट’ हा चैतन्य ताम्हाणे यांचा पहिला चित्रपट. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. पण बक्षिसांमुळेच तुम्ही बिचकलात, तेव्हा ती बाजूला ठेवू. एका लोकशाहिरावर खटला भरलाय. त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगारानं जीव दिला, असा आरोप. सरकारी वकीलबाई कोर्टात कायद्याची कलमं एका सुरात वाचून दाखवतात आणि तो म्हातारा आत राहावा म्हणून शांतपणे झटतात. आपल्याला त्यांचा राग यायला लागतो. आणि मग, तुम्ही बंद केलात त्याच्या बरंच पुढे, कोर्ट सुटतं आणि त्या बाई लोकलमध्ये बसून घरी निघतात. शेजारी बसलेल्या बाईशी साडी, खाणंपिणं असल्या गप्पा. वाटेत मुलाला घ्यायचं. घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं. तुमच्या संध्याकाळपेक्षा तसूभरही वेगळं नाही. ज्या बाईवर आपण चिडलो होतो ती आपल्याच डब्यात बसलेली निघते, आणि त्यानंतर तिच्यावर चिडणं सोपं राहत नाही. शांती मिश्रा आवडणाऱ्या बाईला हा भाग कंटाळवाणा वाटेल असं मला वाटत नाही. वाटलाच तर खुशाल सोडून द्या, पण भाजी निवडता निवडता नको. या चित्रपटात कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि लांबून बघत राहतो. कुठे बघायचं ते आपलं आपण शोधायचं. मेथीवर नजर ठेवून ते जमणार नाही. ‘गुल्लक’ मेथीबरोबर चालते, कारण तिथे सगळं बोलून सांगतात, शिवाय मातीची गुल्लक स्वतः निवेदन करते. हा ‘गुल्लक’चा कमीपणा नाही. कुठली गोष्ट कुठल्या वेळेला लावायची एवढाच हिशेब आहे.

असेच धागे इतरांनाही धरता येतील. ‘लापता लेडीज’मधली स्टेशनवरची मंजू माई आवडली असेल तर ते काम करणाऱ्या छाया कदम यांच्या मागे जा. ‘सैराट’मध्ये त्या पळून आलेल्या जोडप्याला आसरा देतात, ‘फँड्री’त जब्याची आई आहेत. आणि कान महोत्सवात २०२४ साली ग्राँ प्री मिळवणाऱ्या पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटात त्या मुंबईच्या इस्पितळातल्या स्वयंपाकीणबाई आहेत. चाळीतल्या खोलीचा कागद हाताशी नाही म्हणून घर सोडून कोकणात परत निघालेल्या. एकाच नटीचं बोट धरून माणूस कुठल्या कुठे जाऊन येतो. पुस्तकांतही हे चालतं. ‘कोसला’ पुन्हा उघडायची असेल तर लोकलमध्ये नको, सुटीच्या दिवशी घरी उघडा. पहिल्यापासून नेटानं वाचायची गरज नाही, मेसचा हिशेब चुकतो तो भाग आधी वाचा. पुढे मनीचं, पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचं प्रकरण येतं. ते मात्र एकटीनं वाचा.

आणखी एक. चित्रपट लावण्याआधी तुम्ही त्याचे तारे आणि आकडे बघता असं लिहिलंय. तिकिटाचे पैसे घालायचे असतील तर जरूर बघा. पण पाहून झाल्यावर लगेच बघू नका. आधी वहीत दोन ओळी लिहा, काय लक्षात राहिलं आणि कुठे उठून जावंसं वाटलं. मग बाकीच्यांचं वाचा. आधी त्यांचं वाचलं की आपलं मत कुठे गेलं ते सापडत नाही, आणि कट्ट्यावर बोलायची पाळी आली की आपल्या तोंडून भलत्याचंच वाक्य निघतं.

यजमानांच्या ‘टाइमपास’चं फार मनावर घेऊ नका. दुसऱ्यांदा अण्णा लागले तेव्हा ते दिवाणखान्यात होते की नाही, एवढं मात्र आठवून बघा. असले तर घड्याळ लावून बोलायची तालीम त्यांच्यासमोरच करा.

आणि ‘कोर्ट’ पुन्हा लावलात तर टीव्हीवर लावा, रविवारी दुपारी, सगळी निजलेली असताना. शेवटी न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते आणि न्यायाधीश सहलीला जातात. तो भाग तिथे कशाला ठेवलाय यावर माझं आणि माझ्या एका मैत्रिणीचं अजूनही जमलेलं नाही. ती म्हणते तो काढून टाकला असता तरी चाललं असतं. मला वाटतं सगळा खटला तिथेच कळतो. तुम्हाला काय वाटलं ते कळवा.